को-पायलटचा पहिला पगार आणि पहिले रोस्टर: कोकणातल्या घरासाठी हिशेबाची रीत

विमान कंपनीत लागल्याची बातमी मालवण तालुक्यातल्या आमच्या वाडीत पोहोचली, त्या दिवशी मला दारातच प्रश्न आला, "झिला, म्हयन्याक किती गावतत?" मी पत्रात छापलेला आकडा सांगून मोकळा झालो आणि पुढे कितीतरी महिने तो आकडा माझ्या मानगुटीवर बसला, कारण तो खरा असला तरी लागू व्हायला अजून बराच अवकाश होता. आज पाच वर्षांनंतर कोणी हाच प्रश्न विचारला, तर मी आधी विचारतो, कोणत्या महिन्यात? वैमानिकाच्या सुरुवातीच्या वर्षांत हातात पडणारी रक्कम तुम्ही प्रशिक्षणाच्या कोणत्या टप्प्यावर आहात आणि त्या महिन्यात किती तास उडालात यांवर ठरते, आणि तास किती मिळतील ते रोस्टर, म्हणजे कंपनीने दिलेले ड्यूटीचे वेळापत्रक, ठरवते. म्हणून पगार आणि कामाच्या वेळा यांचा हिशेब एकाच वहीत मांडावा लागतो.

पुढील मजकूर कमर्शियल पायलट लायसन्स मिळालेल्या आणि कंपनीच्या पत्राची वाट पाहणाऱ्या मुलामुलींसाठी, तसेच त्यांच्या कर्जाला जामीन राहिलेल्या आईवडिलांसाठी आहे. लायसन्सच्या परीक्षा आणि फ्लाइंग स्कूलची निवड हा वेगळा विषय असल्याने त्यात मी शिरत नाही.

पत्रात आकड्याआधी तारीख शोधावी

डीजीसीएचे (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे) कमर्शियल पायलट लायसन्स, म्हणजे सीपीएल, २०० तासांच्या उड्डाणावर मिळते आणि त्यांतील बहुतेक तास सेसना १७२ सारख्या लहान, एका इंजिनाच्या विमानावरचे असतात. एअरबस ए३२०, बोईंग ७३७ किंवा एटीआर ७२ चालवायचे, तर त्या त्या विमानाचे टाइप रेटिंग, म्हणजे ते चालवण्याचे खास प्रशिक्षण आणि परवानगी, स्वतंत्रपणे करावे लागते. त्यामुळे कंपनीत रुजू झाल्याचा दिवस आणि को-पायलट म्हणून पूर्ण पगार सुरू होण्याचा दिवस यांत मोठे अंतर पडते. आधी वर्ग होतात, मग सिम्युलेटरवरचे टाइप रेटिंग, त्यानंतर प्रत्यक्ष विमानावर उड्डाण-अवतरणाचे बेस ट्रेनिंग, मग लायसन्सवर त्या विमानाची नोंद होईपर्यंतची प्रतीक्षा, मग कॉकपिटमधल्या मागच्या खुर्चीवर बसून निरीक्षणाची उड्डाणे आणि शेवटी ट्रेनिंग कॅप्टनच्या देखरेखीखालचे लाइन फ्लाइंग, म्हणजे प्रवाशांसह नेहमीच्या मार्गांवरची उड्डाणे. हे सर्व पार पडून अखेरची तपासणी झाली, की 'रिलीज' मिळते. आमच्या बोलण्यात "रिलीज झालास का?" या प्रश्नाचा अर्थ बहुधा "पगार सुरू झाला का?" असाच असतो.

रिलीजपर्यंत अनेक कंपन्या पूर्ण वेतन न देता विद्यावेतन देतात. हा काळ किती लांबेल, हे तुमच्या हुशारीपेक्षा सिम्युलेटरच्या वेळा, ट्रेनिंग कॅप्टनांची उपलब्धता आणि नव्या विमानांची आवक यांवर अधिक अवलंबून असते. माझ्या तुकडीतल्या दोघांचे टाइप रेटिंग एकाच आठवड्यात संपले होते, तरी त्यांच्या रिलीजच्या तारखांत साडेतीन महिन्यांचे अंतर पडले. दोघांत उडण्याच्या कौशल्याचा फरक मला तरी कधी दिसला नाही. म्हणून पत्र हातात आल्यावर पुढील गोष्टी मनुष्यबळ विभागाला ई-मेलने विचाराव्यात आणि उत्तरही लेखीच घ्यावे: विद्यावेतन किती आणि कोणत्या टप्प्यापर्यंत, देखरेखीखालच्या उड्डाणांवर तासांचा भत्ता मिळतो का, पूर्ण वेतन रिलीजच्या दिवसापासून लागू होते की पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेपासून, आणि टाइप रेटिंगचा खर्च कंपनीचा की तुमचा. हा शेवटचा प्रश्न लाखांचा आहे. काही ठिकाणी तो खर्च उमेदवाराने आधी भरायचा असतो, काही ठिकाणी कंपनी करते आणि पगारातून हप्त्यांनी कापून घेते, तर काही ठिकाणी त्याबदल्यात बाँड, म्हणजे मुदतीआधी नोकरी सोडल्यास रक्कम भरण्याचा करार, लिहून घेतला जातो.

कर्जाचे घड्याळ वेगळे चालते

सीपीएलचा खर्च आज अर्ध्या कोटीच्या पुढे जातो आणि कोकणातल्या मध्यमवर्गीय घरात तो कर्जाशिवाय उभा राहत नाही. येथे एक अडचण आपल्याकडेच विशेषेकरून येते. आंब्या-काजूची बाग दिसायला मोठी असते, पण सातबारा सामाईक असतो आणि त्यावर काका, आत्या, मुंबईचे चुलते अशी पंधरा-वीस नावे असतात; वाटप झाल्याशिवाय अशी जमीन तारण म्हणून बँक सहसा घेत नाही. मग घर किंवा कोणाची तरी मुदत ठेव तारण जाते, आणि हप्ता चुकला की तो केवळ मुलाचा प्रश्न राहत नाही. त्यामुळे पुढचा हिशेब घरातल्या सर्वांसमोर मांडावा, असे माझे मत आहे.

शैक्षणिक कर्जात अभ्यासक्रमाचा काळ आणि त्यानंतरचे सहा महिने किंवा एक वर्ष हप्ता नसतो. व्याज मात्र चढत राहते. बँकेच्या दृष्टीने अभ्यासक्रम सीपीएलबरोबर संपतो. नोकरीची प्रतीक्षा, टाइप रेटिंग आणि रिलीज हे सर्व त्यानंतर येते, म्हणजे हप्ता सुरू होतो तेव्हा तुम्ही अजून विद्यावेतनावर असण्याचा संभव पुष्कळ असतो.

रीत समजावी म्हणून काही आकडे धरू. ते कोणत्याही कंपनीचे किंवा बँकेचे नाहीत. तुमच्या पत्रातले आकडे त्यांच्या जागी घालावेत. कर्ज ६० लाख रुपये आणि व्याजाचा दर साडेदहा टक्के धरला, तर महिन्याचे निव्वळ व्याजच ५२,५०० रुपये होते. पंधरा वर्षांची मुदत घेतली तर हप्ता सुमारे ६६,३०० रुपये बसतो, दहा वर्षांची घेतली तर सुमारे ८१,००० रुपये. आता विद्यावेतन महिना ४०,००० रुपये असेल आणि अंधेरीच्या बाजूला भागीदारीत घेतलेल्या खोलीचे भाडे २०,००० रुपये असेल, तर उरलेल्या वीस हजारांतून व्याजसुद्धा फिटत नाही; जेवणखाण धरण्याआधीच ३२,५०० रुपयांची तूट येते. ही स्थिती आठ महिने टिकली, तर घरून २ लाख ६० हजार रुपये आणावे लागतील. ही रक्कम कर्ज मंजूर होतानाच बाजूला काढून ठेवावी किंवा हप्त्याची सुरुवात पुढे ढकलण्याविषयी शाखा व्यवस्थापकाशी आधीच बोलावे. हप्ते थकल्यावर केलेले बोलणे आणि थकण्याआधी केलेले बोलणे यांत बँकेच्या लेखी फार फरक असतो.

पगाराचे दोन तुकडे

पूर्ण वेतन सुरू झाल्यावर पगारपत्रकात दोन मोठे भाग दिसतात. एक ठरावीक भाग, ज्यात मूळ वेतन, घरभाडे आणि इतर भत्ते येतात; दुसरा उड्डाणाच्या तासांवर मिळणारा भत्ता. या दुसऱ्या भागात बहुतेक कंपन्या काही तासांची हमी देतात, म्हणजे त्याहून कमी उड्डाण झाले तरी तेवढ्या तासांचे पैसे मिळतात. हमीचे तास कंपनीनुसार बदलतात आणि एकाच कंपनीत काळानुसारही बदलतात. कोविडच्या काळात ते अनेक ठिकाणी घटले होते, हे विसरू नये.

पुन्हा धरलेल्या आकड्यांवर येऊ. ठरावीक भाग ८०,००० रुपये, तासाचा दर १,८०० रुपये आणि हमी ५० तासांची असेल, तर हमीचा पगार १,७०,००० रुपये होतो. गर्दीच्या हंगामात ७५ तास उडालात तर तोच पगार २,१५,००० रुपयांवर जातो. गावात सांगितला जातो तो हा दुसरा आकडा, आणि बँकेच्या हप्त्याचा हिशेबही पुष्कळदा त्याच्यावरच मांडला जातो. माझा सल्ला असा, की हप्ता, भाडे आणि घरी पाठवायची रक्कम ही तिन्ही हमीच्या आकड्यात बसवावीत आणि वरचे तास नसल्यासारखेच धरावेत. १,७०,००० रुपयांतून भविष्य निर्वाह निधीचे ४,८०० रुपये (मूळ वेतन ४०,००० धरून), महाराष्ट्राचा व्यवसाय कर २०० रुपये आणि २०२५-२६ च्या नव्या कर पद्धतीच्या दरांनी सुमारे १६,७०० रुपये प्राप्तिकर वजा केला, तर १,४८,३०० रुपये हातात येतात. त्यातून ६६,३०० रुपयांचा हप्ता गेल्यावर ८२,००० रुपये उरतात. टाइप रेटिंगची वसुली चालू असेल तर तीही येथूनच जाईल. शैक्षणिक कर्जाच्या व्याजावरची करवजावट जुन्या कर पद्धतीत आठ वर्षांपर्यंत मिळते, नव्या पद्धतीत मिळत नाही; त्यामुळे व्याज मोठे असेल तर दोन्ही पद्धतींनी आकडेमोड करून पाहावी आणि मगच कंपनीला निवड कळवावी.

हमीच्या तासांना एक बारीक अट असते, आणि माझ्या पहिल्या वर्षात मी ती वाचलीच नव्हती. काही करारांत ही हमी पूर्ण महिना कामाला उपलब्ध राहिल्यासच मिळते आणि रजा घेतली तर ती त्या प्रमाणात घटते. वरच्या उदाहरणात गणपतीला दहा दिवस रजा घेतली, तर ५० तासांची हमी सुमारे ३३ तासांवर येते आणि महिन्याचा पगार ३०,००० रुपयांनी कमी होतो. आजारपणाच्या रजेलाही काही ठिकाणी हाच नियम लागतो. रजा घेऊ नये असे मी म्हणणार नाही, मी स्वतः घेतो. मात्र त्या महिन्यात घराच्या रंगरंगोटीचा खर्चही काढू नये.

याशिवाय परगावी मुक्काम पडला तर मुक्कामाचा भत्ता मिळतो. रक्कम लहान असते आणि ती जेवणातच संपते, म्हणून ती हिशेबात धरू नये.

तास म्हणजे नेमके कोणते तास

येथे नवख्यांची सर्वांत मोठी फसगत होते. पगार ज्या तासांवर मिळतो ते ब्लॉक अवर्स असतात, म्हणजे विमान पार्किंगमधून हलल्यापासून पुढच्या विमानतळावर पार्किंगमध्ये थांबेपर्यंतचा वेळ. त्याआधीचे साइन-ऑन (ड्यूटीवरची हजेरी), कागदपत्रे, हवामानाचा अभ्यास, इंधनाचा निर्णय, दोन उड्डाणांमधली थांबण्याची वेळ आणि शेवटची कामे हे सर्व ड्यूटीत मोजले जाते, परंतु त्याला तासांचा दर मिळत नाही.

एक दिवस जवळून पाहू. सकाळी ६:१० ला साइन-ऑन आहे. ७:१० ला मुंबईहून गोव्याकडे निघायचे, ८:२५ ला उतरायचे. ९:०५ ला परत निघून १०:२० ला मुंबई. ११:०० ला दिल्लीकडे, १३:१५ ला उतरणे. १४:०० ला परतीचे उड्डाण आणि १६:१५ ला मुंबईत पार्किंग. चार सेक्टर (एक उड्डाण म्हणजे एक सेक्टर) झाले आणि ब्लॉक अवर्स भरले सात. कंपनीच्या गाडीसाठी तुम्ही पहाटे साडेचारला उठलात आणि खोलीवर संध्याकाळी साडेपाचला पोहोचलात, म्हणजे तेरा तास गेले. या दिवसात गोव्याकडे जाताना डावीकडच्या खिडकीतून सह्याद्री आणि उजवीकडून आपला किनारा स्वच्छ दिसतो, आणि आपल्या गावावरून जाऊनही पुढचे दोन महिने गावाचे तोंड दिसणार नसते. पण ते असो.

हा त्यातल्या त्यात भरीव दिवस होता. आता त्या आठवड्याचे उरलेले दिवस पाहा. मंगळवारी दुपारी मुंबई ते कोलकाता हा एकच सेक्टर, २ तास ४५ मिनिटे, आणि तेथे मुक्काम. बुधवारी परतीचा सेक्टर, ३ तास. गुरुवारी घरी स्टँडबाय, म्हणजे बोलावणे आले तर निघण्याच्या तयारीत राहणे, पण फोन आला नाही. शुक्रवारी दिवसभर कंपनीच्या प्रशिक्षण केंद्रात वर्ग. पाच दिवस कामात गेले आणि ब्लॉक अवर्स झाले १२ तास ४५ मिनिटे. असे चार आठवडे गेले तर महिन्याचे तास ५१ होतात, म्हणजे हमीच्या आकड्यापेक्षा जेमतेम एकाने जास्त, आणि तरीही महिनाभर तुम्हाला फुरसत मिळालेली नसते. म्हणून कंपनीला विचारण्याचा दुसरा महत्त्वाचा प्रश्न असा, की स्टँडबाय, वर्ग, सिम्युलेटर आणि प्रवासी म्हणून दुसऱ्या विमानतळावर नेले जाण्याचे 'डेडहेड' यांना काही तास पकडले जातात का. सहा महिन्यांनी एकदा सिम्युलेटरवर प्रावीण्य चाचणी असते आणि त्या आठवड्यात उड्डाणे कमी होतात. वर्षातून दोनदा हे होणार हे धरूनच चालावे.

कायद्याची मर्यादा

कामाच्या तासांवर डीजीसीएची मर्यादा असते. तिला आम्ही एफडीटीएल (फ्लाइट ड्यूटी टाइम लिमिटेशन्स) म्हणतो. उड्डाणाची मर्यादा सात दिवसांत ३५ तास आणि वर्षात १,००० तास अशी आहे. दोन ड्यूट्यांमध्ये किमान १२ तास विश्रांती किंवा आधीची ड्यूटी जितकी झाली तितका वेळ, यांपैकी जे जास्त असेल ते द्यावे लागते. जानेवारी २०२४ मध्ये जाहीर झालेल्या सुधारित नियमांनी साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर नेली, रात्रीची व्याख्या मध्यरात्री १२ ते पहाटे ५ याऐवजी १२ ते ६ अशी केली आणि रात्रीच्या ड्यूटीतील अवतरणे सहावरून दोनवर आणली. हे नियम १ जुलै २०२५ आणि १ नोव्हेंबर २०२५ अशा दोन टप्प्यांत लागू झाले. डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात देशातील सर्वांत मोठ्या कंपनीची दिवसाला शेकडो उड्डाणे रद्द झाली, तेव्हा वैमानिकांची संख्या आणि हे नियम यांचे गणित वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर आले. त्याच वेळी रजेला साप्ताहिक विश्रांतीत धरू नये हे कलम डीजीसीएने मागे घेतले. त्यामुळे तुमच्या कंपनीत रजेचे दिवस आणि साप्ताहिक विश्रांतीचे दिवस वेगवेगळे मोजतात की एकत्र, हे रजेचा अर्ज करण्याआधी विचारून घ्यावे.

कायद्याने परवानगी असलेले रोस्टर आणि शरीराला झेपणारे रोस्टर यांत फरक असतो. सलग तीन दिवस पहाटेचे साइन-ऑन आणि चौथ्या दिवशी मध्यरात्रीची ड्यूटी हे कागदावर नियमात बसू शकते. अशा वेळी रोस्टर हातात आल्याबरोबर झोपेचेही रोस्टर लिहावे. मी ते स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर पेन्सिलने लिहितो. खिडकीला जाड काळा पडदा लावावा आणि घरच्यांना ड्यूटीच्या वेळा कळवाव्यात. माझी आई पहिले सहा महिने रोज सकाळी नऊला फोन करी, कारण तिच्या मते त्या वेळेपर्यंत झोपणारा माणूस आजारी असला पाहिजे. थकव्यामुळे उड्डाण करणे सुरक्षित वाटत नसेल तर तसे कळवण्याची सोय कंपनीला ठेवावी लागते. नवखे लोक ती वापरायला कचरतात, तरी ती कशी वापरायची हे पहिल्याच महिन्यात समजून घ्यावे.

स्टँडबाय आणि गावचे घर

स्टँडबायच्या दिवशी फोन आला, की ठरलेल्या वेळात विमानतळावर हजर व्हावे लागते आणि ही वेळ साधारण तास-दीड तासाची असते. याचा अर्थ स्टँडबायला चिपळूणही चालत नाही आणि पेणही चालत नाही. पहिल्या वर्षात स्टँडबायचे दिवस जास्त येतात, त्यामुळे बेसच्या, म्हणजे जिथून तुमची ड्यूटी सुरू होते त्या, शहरात खोली घेणे टाळता येत नाही. भाडे वाचवण्यासाठी गावाहून ये-जा करण्याचा विचार अनेकांच्या मनात येतो. माझ्याही आला होता.

४८ तासांच्या विश्रांतीत गावी जाऊन येणे जमते का, हे मोजून पाहा. शुक्रवारी संध्याकाळी सुटलात, रात्री बारानंतर दादरहून सुटणारी तुतारी पकडलीत, तर कणकवलीला उतरेपर्यंत शनिवारची सकाळ बरीच वर आलेली असते. तेथून घर, दुपारचे जेवण, एक रात्र, आणि रविवारी पुन्हा गाडी. दोन रात्रींपैकी एक बसल्या-बसल्या गेली आणि सोमवारी पहाटेची ड्यूटी असेल तर दुसरीही अर्धीच मिळाली. पावसाळ्यात कोकण रेल्वेचे वेळापत्रकच संथ असते आणि एखाद्या ठिकाणी दरड आली तर तेही कोलमडते. मुंबई-गोवा महामार्गाने स्वतः गाडी चालवत येऊन ड्यूटीवर जाणे हे मी कोणालाही सुचवणार नाही. साप्ताहिक विश्रांतीला रजेचे दोन दिवस जोडता आले तरच गावी जावे, एरवी त्या ४८ तासांत झोपावे, कपडे धुवावेत आणि पुढच्या सिम्युलेटरचा अभ्यास करावा.

बेसची निवड करण्याची संधी मिळाली तर मात्र कोकणातल्या मुलांना आता पूर्वीपेक्षा बरे पर्याय आहेत. रायगड जिल्ह्यातला नवी मुंबई विमानतळ २५ डिसेंबर २०२५ पासून सुरू झाला आहे आणि पनवेल परिसरात राहणाऱ्याला तेथील स्टँडबाय सहज करता येईल. शिवाय कोकण रेल्वेच्या गाड्या पनवेलला थांबतात. दक्षिणेकडे मोपाचा विमानतळ जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाला आणि तो पेडणे तालुक्यात, म्हणजे सावंतवाडी-बांद्याच्या शेजारीच आहे. तेथे तळ असलेली फ्लाय ९१ ही कंपनी एटीआर ७२-६०० विमाने चालवते आणि त्यांची उड्डाणे चिपीलाही (सिंधुदुर्ग विमानतळावर) येतात. घरी राहून नोकरी हा मोह मोठा आहे, हे मी नाकारत नाही. मात्र एटीआरचे सेक्टर लहान असतात, त्यामुळे तितकेच ब्लॉक अवर्स भरायला जास्त उड्डाण-अवतरणे आणि जास्त ड्यूटी लागते; प्रोपेलरच्या विमानांवरचा पगार साधारणपणे जेटपेक्षा कमी असतो; आणि पुढे एअरबसवर जायचे झाले तर टाइप रेटिंग नव्याने करावे लागते. दुसऱ्या बाजूने पाहिले तर वाचलेले भाडे हीही कमाईच आहे आणि लहान धावपट्ट्यांवर, कोकणातल्या पावसात हाताने विमान चालवण्याचा सराव वैमानिकाला जन्मभर पुरतो. दोन्ही पत्रे हातात असतील तर पगाराच्या आकड्यांतून भाडे आणि प्रवास वजा करून मगच तुलना करावी.

गणपती

सेवाज्येष्ठता ही विमान कंपनीतली सर्वांत ठाम गोष्ट असते. तुकडी आणि रुजू होण्याची तारीख यांवर तुमचा क्रमांक ठरतो आणि रजा, बेस व पुढे कमांड (कॅप्टनपद) यांचा क्रम बहुधा त्याच्याच आधाराने लागतो. भाद्रपदात रजा मागणारे केवळ कोकणातलेच नसतात, शिवाय तो काळ अतिरिक्त उड्डाणांचा असतो. मी पाच वर्षांत दोनदा गणपतीला घरी होतो, त्यातही एकदा दीड दिवसाचा गणपती विसर्जनाला निघत असताना पोहोचलो. रजेची मागणी नोंदवण्याची मुदत बरीच आधी संपते, म्हणून नव्या वर्षाचे पंचांग आल्याबरोबर चतुर्थीची तारीख पाहून अर्ज टाकावा. गणपती आणि शिमगा दोन्ही मागू नयेत, एक मागावा. आणि ज्यांना दिवाळीची किंवा ईदची रजा हवी असते, अशा सहकाऱ्यांशी आधीपासून अदलाबदल ठरवून ठेवावी.

लायसन्स सांभाळणे म्हणजे पगार सांभाळणे

वय चाळीसच्या आत असेल तर क्लास वन मेडिकल दर १२ महिन्यांनी करावे लागते. तात्पुरते अपात्र ठरलात तर उड्डाण थांबते आणि त्याबरोबर तासांचा भत्ताही थांबतो. कंपनी लॉस ऑफ लायसन्सचा (लायसन्स गमावल्यास भरपाई देणारा) विमा देते का, तो किती रकमेचा आहे आणि पहिल्या दिवसापासून लागू होतो का, हे पाहावे; देत नसेल तर कर्ज डोक्यावर असेपर्यंत तो स्वतः घ्यावा. या एका खर्चात काटकसर करू नये.

ड्यूटीआधी श्वासातल्या मद्याची तपासणी होते आणि उड्डाणाआधीचे १२ तास मद्य पूर्ण वर्ज्य असते. पहिल्यांदा दोषी आढळल्यास लायसन्स तीन महिन्यांसाठी निलंबित होते. आपल्या घरांतली खरी जोखीम गोव्याच्या मुक्कामातल्या फेणीपेक्षा आजीच्या कपाटातल्या बाटलीत असते: द्राक्षासव, दशमूलारिष्ट यांसारख्या आसव-अरिष्टांत मद्यांश असतो, तसाच काही खोकल्याच्या औषधांत आणि माउथवॉशमध्येही असतो. कोणतेही औषध कंपनीच्या डॉक्टरांना विचारूनच घ्यावे.

बाँडवर सही करण्याआधी त्याची रक्कम, मुदत आणि ती रक्कम वर्षागणिक घटते की शेवटपर्यंत तेवढीच राहते, हे वकिलाला दाखवावे. २०१७ च्या डीजीसीएच्या नियमानुसार को-पायलटला नोकरी सोडण्यासाठी सहा महिन्यांची आणि कमांडरला एक वर्षाची सूचना द्यावी लागते, त्यामुळे दुसऱ्या कंपनीचे जास्त पगाराचे पत्र आले तरी तो पगार अर्ध्या वर्षाने सुरू होईल हे धरावे. एअरलाइन ट्रान्सपोर्ट पायलट लायसन्ससाठी १,५०० तास लागतात आणि कमांडसाठी कंपन्या त्याहून बरेच जास्त तास मागतात, त्यामुळे दोन हजारांच्या वेतनवाढीसाठी तास थांबवणारा बदल सुरुवातीच्या वर्षांत बहुधा परवडत नाही.

स्वतःची वही

कंपनीच्या यंत्रणेत सर्व नोंदी होतात, तरीही एक साधी वही ठेवावी. तारीख, सेक्टर, पार्किंगमधून निघाल्याची आणि थांबल्याची वेळ, साइन-ऑन, ड्यूटी संपल्याची वेळ, आणि स्टँडबाय किंवा डेडहेड असेल तर त्याची नोंद, इतके पुरते. माझ्या दुसऱ्या वर्षी सलग तीन महिने पगारपत्रकातले तास मला कमी वाटत होते. वहीशी ताळा केल्यावर कळले, की शेवटच्या क्षणी बदललेल्या विमानांवरचे पाच सेक्टर जुन्याच रोस्टरप्रमाणे धरले गेले होते. पहिल्या ई-मेलला उत्तर आले नाही. दुसऱ्या ई-मेलला वहीच्या पानांची छायाचित्रे जोडली, तेव्हा पुढच्या पगारात फरकाची रक्कम जमा झाली. पगारपत्रक येते त्या संध्याकाळी हा ताळा करायला वीस मिनिटे लागतात, आणि चूक दाखवण्याची मुदत अनेक ठिकाणी पुढच्या पगारापर्यंतच असते.